विमलची पट्टी

विमलला कोणत्याही आवाजाची पट्टी सांगता यायची. कुकरची शिट्टी झाली की ती पोळपाटावरून मान वर न करता म्हणायची, "काळी तीन." आर्वी डेपोतून सुटणाऱ्या एसटीचा हॉर्न, पिठाच्या चक्कीची घरघर, समोरच्या गोठ्यातली गाय, सगळ्यांना तिनं पेटीवरची एकेक पट्टी वाटून दिली होती. मी शाळेतून घरी येऊन कुलूप काढताना खोकले तरी भिंतीपलीकडून आवाज यायचा, "बाई, आज पोट्ट्यांवर पांढरी सहात ओरडल्या वाटते. घसा बसला तुमचा." चौथी पास बाई, आणि मला डीएड झालेलीला घसा सांभाळायला शिकवायची. राग यायचा मला. मग ती ज्येष्ठमधाचा तुकडा घेऊन दारात उभी राहायची आणि राग जायचा.

गाणाऱ्यानं पेटीतल्या ज्या पट्टीला आपला सा धरायचा, ती त्याची पट्टी. ती ज्याची त्याची ठरलेली असते, चपलेच्या मापासारखी. विमलची होती काळी चार. काळी चारवर ती गायला लागली की आवाज छातीतून यायचा, भरलेल्या हंड्यासारखा जड आणि गार. काळी पाच म्हणजे तिथून वर, तिच्या मापाच्या बाहेर. तिथं ती पोचायची, पण पोचताना आवाज ताणला जायचा आणि मानेच्या शिरा दिसायच्या. मी हे इतकं सांगते आहे, कारण या एका पट्टीच्या फरकात त्या बाईचा सगळा संसार होता.

मी नोकरीसाठी आर्वीला आले, एकटी बाई, आणि तिच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. एक्क्याण्णव-ब्याण्णव साल असेल. तेव्हा ती गणपतीत, शारदादेवीच्या उत्सवात, सप्त्यात गायची आणि पंचक्रोशीत तिचं नाव होतं. माझा आवाज बरा आहे हे तिनं भिंतीपलीकडून ओळखलं आणि मला मागं बसून झील धरायला ओढून नेलं. शाळेला दांडी न मारता जमतील ते सगळे कार्यक्रम मी तिच्या मागं बसून केले. पुढं ती, तिच्या डाव्या हाताला पेटीवर तिचा नवरा सुधाकर, मागं ढोलकीवाला आणि आम्ही दोघीतिघी.

सुधाकरभाऊजींना सगळे पेटीमास्तर म्हणायचे. खोटं कशाला बोलू, माणूस सुरेल होता. विमलचे वडील नाचणगावचे भजनी. त्यांच्या भजनात हा पेटी वाजवायला यायचा. पोरीचा आवाज ऐकून यानं मागणी घातली आणि बापाला वाटलं, गाणारीला पेटीवाला मिळाला, आता काय पाहिजे. चाली तो बांधायचा आणि शब्द घासून घ्यायचा. ती पोळ्या लाटत असताना तो ओट्याशी बसून एकेक ओळ तिच्याकडून पन्नासदा म्हणवून घेई. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय जोडा आहे.

विमल खायची मात्र अडाण्यासारखी. कार्यक्रमाला निघालो की प्रत्येक स्टँडवर तिला आलूबोंडा हवा, वरून तर्री. गाणाऱ्या बाईनं तेलकट खाऊ नये असं मी एकदा बोलले, तर म्हणाली, "मशीनले तेल लागते, मले नाई लागत?" हसायची मोठ्यानं. सगळा स्टँड वळून पाहायचा. हसण्याची पट्टीही ती सांगायची, पण ती दर वेळी वेगळी असायची.

अशाच एका गावी दुपारी पोचलो. मंडळाचा एक पोरगा बोंड्यांची थाळी घेऊन आला आणि म्हणाला, ताई, तुमचं गाणं ऐकून आमची म्हैस दूध देते. विमल हसली, चांगली खळखळून. संध्याकाळी स्टेजवर बसलो. मास्तरांनी सूर दिला आणि विमलनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते. ती पुन्हा पुढं वळली आणि गायला लागली, आणि मला मागं बसून कळेना की आज आमचीही झील का ओढली जाते आहे. कार्यक्रम झाल्यावर मी तिला विचारलं, भाऊजींची आज पट्टी चुकली का?

"चुकली नाई बाई," ती चटया गुंडाळता गुंडाळता म्हणाली. "दुपारी मी हासली होती."

ते समजायला मला घरी पोचेपर्यंतचा वेळ लागला. मग मी लक्ष ठेवायला लागले. जेवणात मीठ जास्त झालं, संध्याकाळी काळी पाच. कुणी हार आधी तिला घातला आणि मग त्यांना, काळी पाच. तो मारायचाही. भिंत एका विटेची होती, मला सगळं ऐकू यायचं. पाठीवर मारायचा. तोंडाला हात लावत नसे, तोंड स्टेजवर दिसतं. गळ्याला तर कधीच नाही. गळ्यासाठी त्याच्याकडे पेटी होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, आमच्या विमलला तो तोंड उघडून खावा लागे, माइकसमोर, हजार माणसांत, आणि माणसं टाळ्या वाजवत.

हळूहळू आमच्यात ती एक भाषाच झाली. सकाळी नळावर मी विचारायचे, कशी आहेस. ती म्हणायची, काळी चार, म्हणजे बरं आहे. नाहीतर नुसती बादली उचलायची आणि जाता जाता म्हणायची, "पाच."

तिला नाव मिळालं ते कॅसेटनं. नागपूरच्या एका कंपनीनं बोलावलं. शेटनं आधीच कव्हर छापून ठेवलं होतं, 'विमलताई नाचणगावकर'. आमच्याकडे गावाला कर जोडून फारसं कुणी आडनाव लावत नाही. शेटला वाटलं असावं, कर लावलं की बाई गायिका वाटते. कव्हर पोस्टानं घरी आलं त्या सकाळी मी भिंतीला कान न लावताही सगळं ऐकलं. माझ्या घरची बाई आणि नाव बापाच्या गावाचं, एवढं एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि मधेमधे म्हणत नव्हता. त्याच दिवशी दहाच्या बसनं आम्ही नागपूरला रेकॉर्डिंगला गेलो. ती खिडकीशी बसली आणि सीटला पाठ टेकली नाही.

पाठवणीचं गाणं होतं. 'थांब रे दमनीच्या बैला, माय भेटाची राह्यली.' पोरगी दमनीत बसली आहे, बैल जुंपलेत, आणि आईची भेट झालेली नाही. चाल मास्तरांचीच, आणि गोड होती. 'माय' या शब्दावर सूर वर जाऊन थांबायचा. विमल हळूच म्हणाली, आज चारवर धरा. ते म्हणाले, मशीनमध्ये खालचा आवाज बसत नाही. शुद्ध थाप, पण काचेपलीकडे शेट बसलेला, तिथं कोण काय बोलणार. तिसऱ्या कडव्याला ती 'माय'वर गेली आणि आवाज फुटला. गळ्यात काही तुटावं तसा मधेच तुटला, पुन्हा जुळला आणि खाली आला.

मशीनवाला म्हणाला, पुन्हा घेऊ. शेट रुमालानं डोळे पुसत होता. "यही रखो," तो म्हणाला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. सकाळी भिंतीपलीकडे काय झालं ते मला माहीत होतं, आणि तरीही ते पाणी गाण्यासाठी आलं, तिच्यासाठी नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

कॅसेट अशी चालली की काही विचारू नका. पानठेल्यावर तीच, ट्रॅक्टरवर तीच, मांडवातून मुलगी सासरी निघाली की तीच. लोक त्या तुटलेल्या जागेला 'विमलचा हुंदका' म्हणायला लागले. कार्यक्रमात ती 'माय'पर्यंत आली की माणसं श्वास धरून बसायची आणि आवाज फुटला की वन्समोअर. मास्तर काही वेडे नव्हते. आधी जे रागानं करायचे ते आता धंदा म्हणून करायला लागले. पेटी काळी चारवर यायचीच बंद झाली. खेड्यापाड्यातल्या बायका मांडवात ते गाणं म्हणताना नेमक्या त्या जागी आवाज तोडायच्या. त्यांना वाटायचं, चालच तशी आहे.

आणि मी काय दिवे लावले? आमच्या शाळेत गायनाची स्पर्धा होती. सातवीतली एक चुणचुणीत पोरगी मी तयार केली. तिला महिनाभर बसवून तो हुंदका शिकवला, श्वास कुठं सोडायचा, आवाज कुठं फोडायचा, सगळं. पाहुणी म्हणून विमललाच बोलावलं होतं. पोरगी उभी राहिली, डोळे मिटून गायली आणि 'माय'वर अगदी हुबेहूब तुटली. हॉल टाळ्यांनी भरला. मी विमलकडे पाहिलं. ती खुर्चीवर ताठ बसली होती आणि दोन्ही हात मांडीखाली घातले होते, थंडी वाजल्यासारखे. बक्षीस दिलं तिनं पोरीला, डोक्यावरून हात फिरवला.

घरी येताना रस्त्यात म्हणाली, "तिले ते तुटाचं कोणं शिकवलं?"

मी, म्हटलं.

"बरं शिकवलं," ती म्हणाली. मग आठ दिवस भिंतीपलीकडून मला कोणतीही पट्टी सांगितली गेली नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांत तिचा आवाज सकाळचा बसायला लागला. वर्ध्याच्या डॉक्टरनं गळ्यात बघितलं आणि सांगितलं, आतल्या पडद्यांवर घट्टे आलेत. असंच वर गात राहिलात तर बोलण्यापुरताही आवाज राहणार नाही. ती त्याच पिशवीनिशी वर्ध्याहून परत न येता माहेरी नाचणगावला गेली. मला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ तिला घेऊन हजर. पुलगावला त्याची चहाची टपरी होती आणि टपरीवर दिवसभर बहिणीची कॅसेट वाजायची. येताना त्यानं बहिणीला नवं लुगडं आणि मास्तरांना पेढे आणले होते. एवढं नाव आहे तुझं, घरातलं बाहेर काढू नये, झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यानं तिला समजावलं होतं. वाईट नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि आर्वीत विचारलं असतं तर शंभरातल्या नव्वदांनी तेच सांगितलं असतं.

त्या दुपारी ती माझ्याकडे तुरीची डाळ निवडायला घेऊन बसली. डाळ निवडताना ती नेहमी गुणगुणायची. त्या दिवशी नुसते खडे सुपाच्या कडेला टाकत होती. म्हणाली, "बाई, तुमी शारदा मंडळाच्या अध्यक्षाले सांगा. पेटीवाला दुसरा पाहा म्हणा. मी गाईन, पण चारवर गाईन. मी सांगतलं तं मारून टाकन तो. तुमी मास्तरीण हाय, तुमचं आयकतीन."

अध्यक्ष आमच्या शाळेच्या कमिटीवर होते. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. आणि खरं म्हणजे नोकरीचंही तेवढं नव्हतं. नवरा-बायकोच्या मधे आपण कशाला, हेच मुख्य. मी म्हटलं, यंदाचा कार्यक्रम होऊन जाऊ दे विमल, मग बोलते निवांत. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. सूप उचललं, "हो, निवांत बोला," म्हणाली आणि गेली.

शारदेचा मांडव कार्यक्रमाच्या संध्याकाळी इतका भरला होता की पोरं झाडावर बसली होती. अध्यक्ष पहिल्या रांगेत. मास्तरांनी पेटी उघडली, काळी पाच. विमलनं दोन गाणी म्हटली. आवाज घासत होता, पण लोकांना त्यात आणखी गोडी. मग ओरडा सुरू झाला, दमनी, दमनी. मास्तरांनी सुरुवातीचे सूर वाजवायला घेतले आणि विमलनं डावा हात लांब करून पेटीच्या भात्यावर ठेवला. दाबून धरला. पेटी कण्हल्यासारखी झाली आणि गप्प बसली.

"राहू द्या," ती म्हणाली. माइक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. मग ती मागं वळली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाई, सूर धरा."

काळी चार. मला काय ती माहीत नव्हती? रोज नळावर ऐकत होते. नुसतं तोंड उघडून सा म्हणायचा होता. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचं बोट अजून काळी पाचवरच होतं. मी अध्यक्षांकडे पाहिलं. माझं तोंड उघडलं आणि त्यातून काही म्हणजे काही आलं नाही. विमल थांबली. किती थांबली ते सांगता येत नाही, पण थांबली. मग पुढं वळली आणि आपला आपणच सूर घेतला.

पेटीशिवाय, ढोलकीशिवाय गायली. खालच्या, जड, आपल्या आवाजात. 'माय'वर आली आणि सरळ वर जाऊन सरळ थांबली. कुठं तुटली नाही. मी इतकं चांगलं गाणं पुन्हा ऐकलं नाही. आणि मांडवातून आवाज आले, वरून गा, वरून. कुणी शिट्टी मारली. मागच्या बायका उठायला लागल्या. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, आज हुंदका नाही आला बाप्पा, विमल गळली. टाळ्या पडल्या त्या देवीसमोर गाणं झालं म्हणून पडाव्यात तेवढ्याच. मास्तरांनी पेटीवर झाकण ठेवलं, कडी लावली आणि स्टेजवरून उतरून गेले.

विमलनं गाणं पुरं केलं, शारदेला नमस्कार केला आणि मागच्या शिडीनं उतरली. मी चटया गोळा करत राहिले. मला वाटलं, घरी गेली असेल. ती गेली होती डेपोत, कार्यक्रमाच्या जरीच्या लुगड्यातच, आणि वर्ध्याच्या गाडीत बसली होती. दुसऱ्या दिवशी कंडक्टर सगळ्यांना सांगत होता की विमलताई माझ्या गाडीत होत्या आणि बेल वाजवली की तिची पट्टी सांगत होत्या. लोक हसले. म्हणाले, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मी नाही हसले, एवढं तरी माझ्या नावावर मांडा.

मास्तरांचं पुढं काय झालं ते मी सांगणार नाही. त्यांचं चित्र काढायला मी बसलेली नाही.

त्यानंतर ती मला एकदाच भेटली. बारा-तेरा वर्षं उलटली होती, कॅसेटी जाऊन सीड्या आल्या होत्या. शिक्षकांचं एक शिबिर होतं पवनारच्या रस्त्यावर, एका मुलींच्या वसतिगृहात. कोजागिरीचा दिवस होता. पोरींनी महिनाभर भुलाबाई, म्हणजे मातीची पार्वती, बसवली होती आणि आता तिला सासरी पाठवायची तयारी चालली होती. चार वाजता मी चहासाठी स्वयंपाकघराकडे गेले, तर आतून आवाज आला, "बाई, तुमच्या चपला अजून पांढरी एकमध्येच वाजतात."

केस पांढरे झाले होते. अंगावर सुती लुगडं, हातात खिरापतीचं पातेलं, त्यावर झाकण. आत काय आहे ते पोरींना ओळखायचं होतं म्हणून मलाही दाखवेना. आवाज जाडा झाला होता, बोलताना मधेच खरखरायचा, पण होता. पोरी तिला मावशी म्हणत होत्या. ती कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. शारदेच्या दिवसाबद्दल मी काही म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "चहा घ्या आधी."

तेवढ्यात अंगणात पोरी पाठवणीचं गाणं म्हणायला लागल्या. थांब रे दमनीच्या बैला. कुणाच्या तरी आजीकडून शिकलेल्या असाव्यात. पुढं म्हणणारी पोरगी दहा-अकराची होती, आणि 'माय'वर आली तशी अगदी मन लावून तुटली. विमलनं पातेलं शेगडीवर ठेवलं आणि हात पुसत बाहेर गेली. मीही मागं गेले.

"तेथं तुटू नको बेटा," ती म्हणाली. "चालीत नाई ते."

पोरगी म्हणाली, असंच असते मावशी, माझी आजी असंच म्हणते. सगळेच असंच म्हणतात.

"सगळे चुकून राह्यले मग. ते माह्यं होतं." पोरीला काही कळलं नाही. विमलनं तिच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली, डॉक्टरसारखी. "तू लय वर धरून राह्यली. दुखते ना इथं? दुखलं की समजाचं, पट्टी आपली नाई. खाली घे. मायले हाक मारताना ओरडा लागत नाई."

मग ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, माफीही नव्हती. जशी तेव्हा वळली होती तशीच वळली.

"बाई, सूर धरा."

अंगणात वीसेक पोरी माझ्याकडे बघत होत्या. माझा आवाज तोवर म्हातारा झाला होता आणि मी गाणं सोडूनही वर्षं झाली होती. मी डोळे मिटले आणि सा लावला. थरथरला, पण लावला, आणि श्वास संपेपर्यंत सोडला नाही.

विमलनं कान देऊन ऐकलं. "जरा खाली हाय," ती म्हणाली. "पण चालते." आणि पोरीला मानेनं खूण केली. पोरीनं माझ्या सुरात सूर मिळवला, पहिल्यापासून सुरुवात केली, आणि 'माय'वर आली तेव्हा सरळ वर जाऊन सरळ थांबली. विमल तोवर स्वयंपाकघरात गेली होती. खिरापत बुडाला लागत होती, हलवायला हवी होती.